चार वर्षांनी घरी परत येशील असं धरून हिशेब कर

अमळनेर तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "वय 19. बारावी सायन्सला 56 टक्के, आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, कापूस लावतो. धाकटी बहीण दहावीला. सोळाशे मीटर पाच मिनिटं चाळीस सेकंदांत येतं, बीम (पुल-अप्स) सात होतात. मामा म्हणतात अग्निवीर नको, पोलीस भरतीचं बघ. मित्र म्हणतात चार वर्षांनी परत येऊन काय करशील? आई तर विषय काढला की उठून जाते. दादा, मी जाऊ का नको? आणि आईला काय सांगू?"

भाऊ, मी पारोळ्याकडचा. 1996 साली भरती झालो, बेळगावला ट्रेनिंग केलं, मराठा लाइट इन्फन्ट्रीत 24 वर्षं काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. तेव्हापासून रोज पहाटे मैदानावर तुझ्यासारख्या पोरांना पळवतो. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतंच. प्रत्येकाला उत्तर वेगळं द्यावं लागतं, पण सुरुवात मी एकाच ठिकाणाहून करतो. तू चार वर्षांनी घरी परत येणार आहेस असं आजच धर. चार वर्षांनी कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत माझा नंबर लागेल, हे डोक्यातून काढून टाक. परत आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या स्वतःला डोळ्यांसमोर उभं कर आणि त्याला विचार की ही चार वर्षं पदरात पडली का वाया गेली. पदरात पडली असं उत्तर आलं तरच अर्ज भर.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. माझ्या वेळी भरती झालं की पोरगं मार्गी लागलं असंच घर धरायचं. पंधरा वर्षं भरली की पेन्शन, पुढं कॅन्टीन आणि दवाखाना. आपल्याकडे अजून लोकांच्या मनात तेच चित्र आहे. सोयरीक बघायला येणारे "पोरगा मिलिटरीत" म्हटलं की खूश होतात. पण 14 जून 2022 ला अग्निपथ योजना आली आणि शिपायाच्या भरतीचं चित्रच बदललं. आता अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी, त्यातच ट्रेनिंग. चार वर्षांनी तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना कायम करतात, त्यांना पुढं किमान पंधरा वर्षं सेवा करावी लागते. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि त्या दर्जाबरोबर येणारा दवाखाना-कॅन्टीनही नाही. हे वाईट आहे की चांगलं यावर गावाच्या पारावर भांडणं होतात, माझंही मत आहे. पण तुझा निर्णय माझ्या मतावर होऊ नये, आकड्यांवर व्हावा.

तर आकडे बघ. पहिल्या वर्षी महिना 30 हजार पगार, त्यातले 30 टक्के सेवा निधीत कापले जातात आणि हातात 21 हजार येतात. दुसऱ्या वर्षी हातात 23,100, तिसऱ्या वर्षी 25,550, चौथ्या वर्षी 28 हजार. चार वर्षांत हातात येणारी रक्कम होते 11 लाख 71 हजार 800. अवघड ठिकाणी पोस्टिंग असेल तर त्याचा भत्ता वेगळा. राहणं, जेवण, वर्दी सरकारची. तुझे कापलेले 5 लाख 2 हजार, तेवढेच सरकारचे, आणि वर व्याज, असे निघताना सुमारे 11 लाख 71 हजार मिळतात. त्यावर आयकर नाही.

म्हणजे नीट राहिलास तर तेवीसाव्या-चोविसाव्या वर्षी तुझ्याकडे पंधरा लाखांच्या आसपास रक्कम असू शकते. कोरडवाहू तीन एकरात कापूस लावणाऱ्या घराने एवढी रक्कम एकत्र कधी बघितलेली नसते, आणि धोका तिथंच आहे. माझ्या बरोबरीचे किती तरी जण निवृत्तीचे पैसे घेऊन आले. कोणी पिकअप घेतली, कोणी दोन मजली घर बांधलं, कोणी बहिणीच्या लग्नात सगळ्या गावाला जेवण घातलं. तीन वर्षांनी पिकअप दारात उभी, घरात भाडेकरू मिळत नाही, आणि माणूस बँकेच्या एटीएमबाहेर बंदूक घेऊन बसलेला. त्यांच्यामागे निदान पेन्शन होती. तुझ्यामागे ती नसेल. म्हणून या पैशाचं काय करायचं ते जायच्या आधी ठरव आणि वडिलांसमोर बोलून ठेव. विहीर आणि ठिबक करायचं असेल तर तसं सांग. शिकायचं असेल तर तसं सांग. आल्यावर ठरवायला बसलास तर तुझ्याआधी बाकी सगळ्यांनी ठरवलेलं असेल.

आता मामांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीत. पोलीस शिपायाचं मूळ वेतनच 21,700 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, आणि नोकरी अठ्ठावन्न वर्षांपर्यंत. आपल्या धुळ्यातच राज्य राखीव पोलीस बलाचा सहा नंबरचा गट आहे. घरापासून तास-दोन तासांवर नोकरी करता आली तर कोणाला नको आहे? पण मामा एक गोष्ट विसरतात, ती वयाची. पोलिसात खुल्या वर्गाला 28 वर्षांपर्यंत आणि मागास वर्गाला 33 पर्यंत दार उघडं असतं. अग्निवीरचं वय साडेसतरा ते एकवीस, आणि ते जाहिरातीत दिलेल्या तारखेवर मोजतात. तू 19 चा आहेस. तुझ्या हातात दोन भरत्या आहेत, फार तर. सैन्याचं दार आधी बंद होतं, पोलिसाचं नंतर. आधी सैन्यात जाऊन आलेला पोरगा तेविसाव्या वर्षी पोलिसाच्या मैदानावर उभा राहू शकतो. पंचविसाव्या वर्षी पोलिसात न लागलेल्या पोराला सैन्यात कोणी घेणार नाही. दोन्हींची तयारी एकच आहे असं मात्र समजू नको. पोलिसाला सोळाशेबरोबर शंभर मीटर आणि गोळाफेक असते, आणि लेखी शंभर गुणांची. आपली पोरं गोळ्याकडे बघतही नाहीत आणि शेवटी एक-दोन गुणांनी मेरिटमधून बाहेर फेकली जातात.

मधला एक रस्ता खानदेशात लोक फार कमी बघतात. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ या केंद्रीय दलांची जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबलची भरती. वय 18 ते 23, दहावी पास, पाच किलोमीटर 24 मिनिटांत. कायम नोकरी आहे. मेहनत सैन्याइतकीच, कधीकधी जास्त. देशासाठी वर्दी घालायची पण चार वर्षांची टांगती तलवार नको, असं ज्याला वाटतं त्याने हा अर्ज चुकवू नये. अग्निवीर म्हणून परतलेल्यांसाठी या दलांत राखीव जागा ठेवल्याचं केंद्राने 2022 मध्येच जाहीर केलं, वयाची सूटही दिली. पण राखीव जागा म्हणजे नेमणूक नाही. परीक्षा द्यावीच लागते. पहिल्या अग्निवीरांचं ट्रेनिंग 2023 च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026 संपता-संपता आणि 2027 लागता-लागता भरतात. तुझ्या आसपासच्या गावांतला त्या तुकडीतला एखादा मुलगा शोध आणि सुट्टीवर आला की त्याच्याजवळ दोन तास बस. माझ्यापेक्षा त्याचं ऐकणं तुझ्या जास्त कामाचं आहे, कारण मी जुन्या भरतीचा माणूस.

पैसा आणि वय झालं. आता ते सांगतो जे जाहिरातीत येत नाही.

2001 च्या डिसेंबरात माझी रजा मंजूर झाली होती. बॅग भरलेली होती, आईसाठी शाल घेतली होती. 13 तारखेला संसदेवर हल्ला झाला आणि सगळ्या रजा बंद. आमची पलटण राजस्थानच्या सीमेवर गेली, ती पुढचे दहा महिने तिथंच. जानेवारीत वडील आजारी पडल्याचा निरोप आला. मग वडील गेल्याचा निरोप आला. सुटका मिळून, गाड्या बदलत चाळीसगावला उतरलो तो नववा दिवस होता. अग्नी चुलतभावाने दिला. घरात शिरलो तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "जेवना का रे भाऊ?" शाल बॅगेतच होती, ती काढायची हिंमत मला दोन दिवस झाली नाही.

तुला घाबरवायला हे सांगत नाही. त्या दहा महिन्यांचा मला आजही अभिमान आहे. पण "देशसेवा" हा शब्द मैदानावर पोरं सहज बोलतात, त्याचा अर्थ हा आहे. गोळी खाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. घरी गरज असताना घरी नसण्याची वेळ प्रत्येकावर येते. अग्निवीरला वर्षाला तीस दिवस रजा आहे, आणि तीही पलटणीच्या सोयीने. कानबाईच्या सणाला येता येईल का, बहिणीच्या लग्नाला येता येईल का, हे तू ठरवणार नाहीस. आणि मधेच मन उडालं म्हणून परत येता येत नाही. स्वतःच्या विनंतीवर सुटका अगदी अपवादात्मक कारणाने, वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच होते, आणि तसं आलास तर सेवा निधीतला सरकारचा हिस्सा मिळत नाही, तुझे स्वतःचे कापलेले पैसे व्याजासह मिळतात. कॉलेज सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. सही करताना हे डोक्यात असू दे.

कोणतं पोरगं तिथं टिकतं, हेही सांगतो. पळण्यात पहिला येणारा टिकतोच असं नाही. माझ्या रंगरुटीत सगळ्यात जोरात पळणारा सातव्या आठवड्यात रात्री उशीत तोंड घालून रडायचा, कारण ट्रेनिंग देणारा उस्ताद सगळ्यांसमोर बोलला ते त्याला सहन व्हायचं नाही. आणि एक साधा, मागे पळणारा पोरगा होता. बूट चमकवायचा, ओळीत उभा राहायचा, शिक्षेचा रगडा मिळाला तर घाम पुसून लंगरला जायचा आणि पोटभर जेवायचा. तो पुढे सुभेदार झाला. चुकी आपली नसताना शिक्षा खाऊन दुसऱ्या मिनिटाला हसता येतं का? अनोळखी वीस जणांबरोबर एका बराकीत, एका बादली पाण्यात, झोप अर्धवट असताना राहता येतं का? आपल्याला शेतात, घरात, मित्रांत "मी म्हणतो तसं" करायची सवय असते. तिथं सांगितलं तसं करायचं असतं, आणि का ते विचारायचं नसतं. ज्याला हे गुदमरल्यासारखं होईल तो वाईट माणूस नाही, त्याची जागा दुसरीकडे आहे. हे ओळखायला एक उपाय मी पोरांना देतो. तीन महिने रोज पहाटे साडेचारला उठ. पावसात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुद्धा. कोणी उठवायचं नाही. नव्वदपैकी ऐंशी दिवस उठलास तर मनाने तू अर्धा भरती झालास.

भाषेचं म्हणशील तर अजिबात घाबरू नको. अहिराणी बोलणाऱ्याला हिंदी सहा महिन्यांत येते. जेवणाचं मात्र सांगून ठेवतो, कळण्याची भाकरी आणि ठेचा स्वप्नात येतील.

आता तुझ्या मैदानाकडे येऊ. सोळाशे मीटर पाच मिनिटं तीस सेकंदांच्या आत आलं तर 60 गुण, 5.31 ते 5.45 मध्ये आलं तर 48. बीम दहा मारले तर 40, सात मारले तर 21. म्हणजे तू आज 100 पैकी 69 वर उभा आहेस. फक्त बारा सेकंद आणि तीन बीम, यात 31 गुण आहेत. अग्निवीर जीडीच्या मेरिटला हे फार मोठं अंतर आहे. सगळी पोरं पळण्याच्या मागे लागतात, पण बारा सेकंद काढणं अवघड आणि तीन बीम काढणं सोपं, असा माझा अनुभव आहे. चारशेच्या ट्रॅकचे चार राउंड, प्रत्येक राउंड 82 सेकंदांत बसला पाहिजे. तू बहुतेक पहिला राउंड 75 ला काढत असशील आणि तिसऱ्यात मरत असशील. पहिला 82 लाच काढ, रोखून धर. बीमसाठी रोज वेगळ्या वेळी थोडे-थोडे मार, सकाळी पाच, दुपारी तीन, संध्याकाळी पाच, आणि खाली येताना सावकाश ये. लटकून सगळं अंग हलवून वर जाणारे बीम भरतीत मोजत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा सहाच्या आत पळणं आटोपलं पाहिजे. आणि मैदानावर कोणी "एक इंजेक्शन घे, दम लागणार नाही" म्हणालं तर त्या माणसाबरोबर परत पळायला जाऊ नको. मी एका पोराला तशा इंजेक्शननंतर तिसऱ्या राउंडला तोंडावर पडताना बघितलं आहे. तोंडाला फेस, डोळे उघडे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला दिसते. तुझं बारावी सायन्स आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंग्रजी हे विषय असतील, एकूण 50 टक्क्यांवर आणि प्रत्येकात 40 च्या वर असतील, तर तू अग्निवीर टेक्निकलला बसू शकतोस. तरी तू बोलतोस फक्त मैदानाचं, म्हणजे जीडी डोक्यात धरून बसला आहेस, कारण मित्र जीडी भरतात. परत यायचं धरून हिशेब करायचा म्हटल्यावर इथंच फरक पडतो. टेक्निकलमध्ये गाड्या, जनरेटर, रेडिओ, इंजिन यांतलं काही तरी हाताला लागण्याची शक्यता जास्त. चार वर्षांनी भुसावळला, जळगावच्या एमआयडीसीत किंवा नाशिकला त्या हाताची किंमत असते. जीडीत शिस्त आणि हिंमत मिळते, ती मोठीच गोष्ट आहे, पण बायोडेटात ती शब्दांत लिहिता येत नाही. टेक्निकलची ऑनलाइन परीक्षा अवघड, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित येतं. बी.एस्सी.ची पुस्तकं तुझ्या टेबलावर आहेतच. आता परीक्षा आधी होते आणि मैदान नंतर, हे आपल्याकडच्या पोरांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. वर्षभर पळतात आणि परीक्षेतच बाद होतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळे अंदाजाने उत्तरं द्यायची नाहीत.

सातपुड्यातल्या पोरांचं हे दुःख मला फार लागतं. धडगाव, अक्कलकुव्याकडची भिल्ल, पावरा मुलं माझ्या मैदानावर येतात. चढावर पळून पायात असा दम असतो की सोळाशे त्यांना खेळ वाटतो. आदिवासी उमेदवारांना उंचीत सवलतही आहे. आणि ती पहिल्या पायरीवर, संगणकासमोरच्या एका तासात बाहेर पडतात. खानदेशाला सैनिकी परंपरा नाही असं कोणी म्हणालं की मी धरणगाव सांगतो. 1825 मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रामने तिथंच भिल्ल पलटण उभी केली होती. परक्या राज्याची पलटण होती, त्यांनी ती कशासाठी उभारली तेही मला ठाऊक आहे, पण पाय याच मातीतले होते. ज्या गावात एक शिकलेला मुलगा अशा चार पोरांना रात्री तासभर गणित शिकवेल, त्या गावातून पुढच्या वर्षी चार वर्दीवाले निघतील.

पुढे मेडिकल. लेखी आणि मैदान काढून मेडिकलला पडलेला पोरगा मला बघवत नाही, आणि त्यातले निम्मे तरी आधी घरीच कळण्यासारखे असतात. पाय ओला कर आणि कोरड्या फरशीवर ठेव. आतली कमान दिसली पाहिजे. पूर्ण पावलाचा ठसा उमटला तर सपाट पाय असण्याची शंका आहे, डॉक्टरला दाखव. सरळ उभा राहून गुडघे जुळव, घोटे एकमेकांपासून लांब राहत असतील तर तेही दाखव. कानातला मळ काढून घे, किडलेले दात भरून घे, रंग ओळखण्याची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे एकदा करून घे. रंगांध मुलाला स्वतःला ते माहीत नसतं, मेडिकलच्या टेबलावर पहिल्यांदा कळतं. आणि गोंदण. सारंगखेड्याच्या यात्रेत हौसेने दंडावर नाव गोंदवून घेतात आणि त्यावरून बाद होतात. हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंज्याच्या पाठीवरचं गोंदण चालतं, बाकी नाही. आदिवासी समाजाच्या रूढीच्या गोंदणाला सूट आहे.

कागदांचं एवढंच, की दहावीचं मार्कशीट, आधार आणि रहिवासी दाखला यांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आजच काढून शेजारी-शेजारी ठेव. आणि पैसे मागणारा माणूस, मग तो नात्यातला असो की वर्दीतला, खोटाच. आमच्याकडच्या एका घराने असा माणूस गाठून एक एकर विकला. परीक्षा संगणकावर, पळणं घड्याळावर, मेडिकल डॉक्टरच्या टेबलावर, तिथं तो माणूस कुठे बसणार होता, हे पोराच्या बापाने मला रडत विचारलं. तोपर्यंत एक एकर गेला होता.

कॉलेजचं विचारलं नाहीस तरी सांगतो. निवड होईपर्यंत बी.एस्सी. सोडू नको. निवड झाली तर मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून पदवी चालू ठेव. अग्निवीरांच्या ट्रेनिंगला इग्नूच्या पदवीत श्रेयांक धरण्याची सोय केलेली आहे. परत आलेल्याच्या हातात पदवी असली तर पोलीस उपनिरीक्षकापासून बँकेपर्यंत सगळे अर्ज भरता येतात. नसली तर पुन्हा शिपायापासून सुरुवात.

तर माझं उत्तर. तुझं वय, तुझं पळणं, तुझी बारावी बघता मी म्हणेन, जा. टेक्निकलला पहिली पसंती, जीडीला दुसरी. एकवीस होईपर्यंत दोन्ही संधी जीव लावून दे. त्याच काळात केंद्रीय दलांचा अर्ज भर. नाही झालं तर मामांकडे जाऊन म्हण, आता पोलीस. पण घरात वडिलांची तब्येत अशी असेल की वर्षभर तू नसलास तर शेत पडीक राहील, आणि हे तू मला लिहिलं नसशील, तर उत्तर बदलतं. मग पोलीस आधी.

आईबद्दल. तिला "काही होत नाही गं" असं म्हणू नको. ते खोटं आहे आणि तिला कळतं. तिला तीस दिवसांची रजा सांग, चार वर्षं सांग, 48 लाखांचा विमा असतो हे सुद्धा सांग. पोरं हा आकडा आईपासून लपवतात. मी म्हणतो, धीर करून सांग, म्हणजे बाकीचंही तू खरं सांगतोस यावर तिचा विश्वास बसेल. आणि मग गप्प बसून ती का उठून जाते ते विचार. उत्तर यायला चार दिवस लागले तर लागू देत.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, सोळाशे पाच बावीस. आई नको म्हणते, समजावायला चला, म्हणून मला घरी घेऊन गेला. मी देश, पगार, सगळं बोललो. ती चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. मुलगा पाणी आणायला बाहेर गेला तेव्हा हळूच म्हणाली, "दादा, त्याले धाकलपने झटका ये." सातव्या वर्षापर्यंत झटके, म्हणजे फिट, यायचे, मग थांबले. पोराला आठवत नव्हतं आणि लग्न जमणार नाही या भीतीने घरात कोणी बोललं नव्हतं. झटक्यांचा इतिहास असलेल्याला सैन्यात घेत नाहीत, आणि तो लपवून रात्रीच्या पहाऱ्यावर भरलेली रायफल हातात घेणं किती धोक्याचं आहे हे मला माहीत आहे. मी त्या घरात पुन्हा देशाचं नाव काढलं नाही. मुलगा आत आल्यावर तिला म्हणालो, माय, हे त्याला तूच सांग. तिने सांगितलं. तो मुलगा आज रावेरकडे केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवर सुपरवायझर आहे, आणि रविवारी माझ्या मैदानावर येऊन घड्याळ धरतो.